पिल्लाचे पुढचे पाय वाकताहेत, कॅल्शियमची बाटली सुरू करू का?

जागल्या
वावरात राखणीसाठी जर्मन शेफर्डचं नर पिल्लू आणलं आहे. आज 14 आठवड्यांचं आहे, वजन 11 किलो. आठ दिवसांपासून पुढचे दोन्ही पंजे पसरल्यासारखे दिसतात, मनगट खाली दबतं आणि कोपरं बाहेर जातात. चालताना ओरडत नाही, खेळतं, खातंही चांगलं.
खाणं असं : सकाळी अर्धा लिटर गाईचं दूध आणि दोन पोळ्या, दुपारी ज्वारीची दीड-दोन भाकर वरणात कुस्करून, संध्याकाळी उकडलेला पोटा-कलेजी दीडशे ग्रॅम. घरात टाइल्स आहेत, दिवसभर तिथंच असतं.
तालुक्याच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणली आहे, अजून उघडली नाही. किती मिली द्यायची? सकाळच्या उन्हात बसवलं तर फरक पडेल का? आणि पाय परत सरळ होतील का?

कापूसकोंड्या
भाऊ, बाटली बंदच राहू द्या. आधी एवढं सांगा. पिल्लू पडलं होतं का, किंवा दारात पाय सापडला होता का? दोन्ही पाय सारखेच वाकलेत की एक जास्त? मनगटाच्या वर, हाडाच्या टोकाशी सूज किंवा गरमपणा लागतो का? ताप मोजला का (गुदद्वारात थर्मामीटर, 102.5 फॅरनहाइटपर्यंत ठीक)? जंताचं औषध शेवटचं कधी दिलं? आणि पिल्लाला मातीच्या सपाट अंगणात उभं करून समोरून एक आणि बाजूनं एक फोटो टाका. टाइल्सवरचा फोटो नको, तिथं चांगल्या कुत्र्याचाही पंजा पसरतो.

जागल्या
पडलं नाही. दोन्ही पाय सारखे. सूज नाही, ताप 101.6. जंताचं औषध आठव्या आठवड्यात एकदा, त्यानंतर नाही. फोटो उद्या टाकतो.

पशुवैद्यक
दोन्ही पाय सारखे, सूज नाही, ताप नाही, दुखत नाही. म्हणजे बहुतेक मनगटाचे सांधेबंध आणि स्नायू ढिले आहेत. मोठ्या जातीच्या पिल्लांत 6 ते 16 आठवड्यांच्या वयात हे नेहमी दिसतं. खाणं आणि जमीन सुधारली तर बहुतेक पिल्लं एक ते चार आठवड्यांत सरळ उभी राहतात. पण तुम्ही लिहिलेलं खाणं असंच चाललं, तर पुढं हाडंच पातळ होतील. म्हणून हिशोब मांडतो.

11 किलोच्या या वयाच्या पिल्लाला दिवसाला साधारण 1,200 किलोकॅलरी लागतात. तुमच्या ताटलीत त्याहून थोड्या जास्तच आहेत, म्हणजे पोट भरतं आहे. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला दर हजार कॅलरीमागे सुमारे 3 ग्रॅम कॅल्शियम हवं, म्हणजे रोज साडेतीन ग्रॅमच्या आसपास. तुमच्या ताटलीत दुधातून 600 मिलिग्रॅम येतं. पोळी, भाकर, वरण, पोटा-कलेजी सगळं मिळून आणखी जेमतेम 100. एकूण 700 मिलिग्रॅम. फॉस्फरस मात्र ज्वारी, गहू, डाळ, कलेजी सगळ्यांतून येतो, तो 1,450 मिलिग्रॅमच्या घरात जातो. कॅल्शियम एक, फॉस्फरस दोन. हवं ते उलट : फॉस्फरस एक असेल तर कॅल्शियम 1.2 ते 1.4.

हे प्रमाण उलटलं की रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतात. बाहेरून पिल्लू गुबगुबीत दिसतं आणि आत हाडाची भिंत पातळ होत जाते. मग ओट्यावरून साधी उडी मारली तरी हाड ओल्या फांदीसारखं मोडतं. नुसत्या मटण-चिकनवर वाढवलेल्या पिल्लांत हे लवकर होतं. बिनहाडाच्या कोंबडीच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरापटीहून जास्त असतो, कलेजीत तीसपटीहून जास्त. भाकरीचं वेगळं आहे : धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा घटक असतो, तो असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतो.

संत्रावाला
डॉक्टरसाहेब, मान ठेवून असहमत आहे. गावातली सगळी कुत्री भाकर-ताकावर वाढली, कोणाचे पाय वाकले? आपण उगाच ग्रॅम मोजत बसतो.

तुराटी
काका, गावठी कुत्रं पूर्ण वाढून 15-18 किलो होतं. जर्मन शेफर्ड नर 30 ते 40. दोघांना जवळपास तेवढेच महिने मिळतात, पण एकाला दुप्पट हाड बांधायचं असतं. त्यात गावठी पिल्लू फक्त भाकरीवर नसतंच. उकिरड्यावरची हाडं, उंदीर, खाटकाकडचं, गाय व्याली की वार, सगळं खातं. शिवाय मातीत धावतं. आणि वेतातली अशक्त पिल्लं दोन महिन्यांच्या आत मरतात, ती मोजणीत येत नाहीत. उरलेली पाहून आपण म्हणतो की भाकरीवर भागतं.

संत्रावाला
वारेचं आणि हाडांचं ध्यानात आलं नव्हतं. हे पटलं.

पूर्णाकाठ
काहो डॉक्टरसाहेब, आमच्या इकडे पिल्लाचे पाय फेंगडे झाले का खायच्या चुन्याची निवळी पाजतात. चुन्यातबी कॅल्शियमच हाय ना? मंग काय बिघडते?

पशुवैद्यक
दोन्हीकडून बिघडतं. वरचं निवळ पाणी घेतलं तर एका लिटरमध्ये जेमतेम 900 मिलिग्रॅम कॅल्शियम विरघळतं. म्हणजे दहा मिलीत 9 मिलिग्रॅम, दोन घोट गाईच्या दुधात त्याहून जास्त. आणि खालचा गाळ हलून पोटात गेला तर तो तीव्र क्षार आहे. जीभ, घसा, अन्ननलिका भाजते. कोणत्याही पिल्लाला देऊ नका.

त्याच दमात दुसरी गोष्ट सांगतो, कारण ती जास्त धोक्याची आहे. मेडिकलमध्ये डी जीवनसत्त्वाची 60,000 आययूची पुडी मिळते, आठवड्याला एक घेणारी माणसं घरोघरी आहेत. ती पिल्लाला देऊ नका. 60,000 आययू म्हणजे दीड मिलिग्रॅम. 11 किलोच्या पिल्लात ते किलोमागे 0.136 मिलिग्रॅम होतं, आणि 0.1 पासूनच विषबाधेची लक्षणं दिसू शकतात : उलटी, फार पाणी पिणं, फार लघवी, सुस्ती, पुढं मूत्रपिंडात चुना साठणं.

उन्हाचं विचारलं होतं. कोवळ्या उन्हात बसवायला हरकत नाही, पण त्यानं डी जीवनसत्त्व मिळत नाही. माणसाच्या आणि गाईच्या कातडीत ते उन्हानं तयार होतं, कुत्र्याच्या कातडीत जवळजवळ नाही. कुत्र्याला ते खाण्यातूनच हवं : अंड्याचा बलक (एकात साधारण 40 आययू), मासळी, थोडी कलेजी. आणि एप्रिल-मेमध्ये तर नऊनंतर पिल्लू उन्हात बांधूच नका. आपल्याकडच्या 45 अंशांत कॅल्शियमचा प्रश्न मागं पडतो आणि उष्माघाताचा पुढं येतो.

बरबटी
मग बाटली का नको? कमी आहे असं तुम्हीच म्हणालात.

पशुवैद्यक
ताई, प्रश्न बरोबर आहे. तीन कारणं आहेत.
गाई-म्हशींसाठीच्या बाटलीवर डोस मोठ्या जनावराचा असतो, पिल्लाचा अंदाजानं काढला जातो. दुसरं, पिल्लाच्या ताटलीत फॉस्फरससुद्धा कमीच आहे. 1,450 मिलिग्रॅम ऐकायला पुष्कळ वाटतं, पण गरज पावणेतीन ग्रॅमच्या आसपास आहे. नुसतं कॅल्शियम ओतलं तर प्रमाण दुसऱ्या टोकाला जाईल. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं : साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला नको असलेलं कॅल्शियम नीट अडवता येत नाही. मोठं कुत्रं गरजेपुरतं शोषतं, पिल्लू आलेल्यातलं निम्म्याच्या आसपास आत घेतंच. नेदरलँडच्या उट्रेख्त विद्यापीठात 1980च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं गेलं. जास्त कॅल्शियम खाल्लेल्या पिल्लांची कूर्चा वेळेवर हाडात बदलेना, पुढचे पाय वाकले. म्हणजे कमी दिलं तरी पाय वाकतात, जास्त दिलं तरी वाकतात. बाहेरून बघून ओळखता येत नाही, ताटली बघूनच ओळखावं लागतं.

जागल्याभाऊ, तुमच्या सध्याच्या खाण्यासाठी हिशोब : औषधी दर्जाचं डायकॅल्शियम फॉस्फेट (डीसीपी, 23 टक्के कॅल्शियम, 18 टक्के फॉस्फरस) रोज 7 ग्रॅम आणि अंड्याच्या टरफलाची पूड 3 ग्रॅम. त्यानं कॅल्शियम सुमारे 3.4 आणि फॉस्फरस 2.7 ग्रॅम होतो, प्रमाण 1.25 ला एक. तीन जेवणांत वाटून, अन्नात कालवून. जनावरांचं खनिज मिश्रण वापरू नका. त्यात तांबं आणि बाकीची खनिजं गाईच्या हिशोबाची असतात आणि पशुखाद्य दर्जाच्या डीसीपीत फ्लोरिनचीही भीती असते. हा आकडा या ताटलीपुरताच आहे. दुसऱ्या कोणी आपल्या पिल्लासाठी उचलू नका, आणि तुम्हीही सुरू करण्यापूर्वी पिल्लू एकदा दवाखान्यात दाखवा.

कापूसकोंड्या
टरफलाची पूड कशी करायची ते लिहितो, कारण चुकते इथंच. टरफलं धुवून दहा मिनिटं उकळायची, खणखणीत वाळवायची, मिक्सरमधून काढून वस्त्रगाळ करायची. रवाळ राहिली तर तशीच शेणातून पडते. साधारण अडीच ग्रॅम पुडीत एक ग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम. चमच्यानं मोजू नका. बारीक-जाड पुडीप्रमाणे एका चमच्यात 4 ग्रॅमही बसते आणि 6 सुद्धा. ग्रॅमचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या.

आणि पिशवीतलं मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य देत असाल तर यातलं काहीच घालू नका. डीसीपी नाही, टरफल नाही, सिरप नाही. त्यात सगळं मोजून घातलेलं असतं. पाकिटावर कॅल्शियमची टक्केवारी पाहा, 1 ते 1.6 च्या आसपास असावी, 1.8 च्या वर नको. अर्धं पाकिटाचं, अर्धं घरचं असं असेल तर घरच्या अर्ध्याचाच हिशोब करायचा.

पळसपान
आमच्याकडे रॉटवायलरचं पाच महिन्यांचं आहे, तयार खाद्य भरपूर खातं, वर कॅल्शियमच्या गोळ्याही चालू. त्याचं मनगट खाली नाही, उलट पुढं वाकतं, जणू पंज्याच्या पाठीवर उभं राहील. हे तेच का?

कापूसकोंड्या
हे उलटं टोक. हाड भराभर वाढतं, मागचे वाकवणारे स्नायू आणि कंडरा मागं राहतात, म्हणून मनगट पुढं ओढलं जातं. गोळ्या आजच बंद. खाद्य पाव हिश्शानं कमी करा, दिवसातून तीनदा मोजून द्या, भांडं भरून ठेवू नका. सपाट पण खरखरीत जमीन. आणि पाय सरळ करायला बांबूच्या कामट्या किंवा प्लास्टर बांधू नका. बांधलेल्या पायाचे स्नायू आणखी ढिले पडतात, सोडल्यावर पहिल्याहून वाईट अवस्था होते. तीन-चार आठवड्यांत फरक दिसला नाही तर एक्स-रे काढा.

तुराटी
खाण्यावर बरंच बोलून झालं, आता जमिनीवर येतो, कारण निम्मा दोष त्या टाइल्सचा आहे. गुळगुळीत फरशीवर पिल्लाला पकड मिळत नाही. पाय निसटू नये म्हणून ते पंजे फाकवून आणि कोपरं बाहेर काढून उभं राहतं, आणि दिवसभर तसंच उभं राहून सांधे त्याच आकारात सैल होतात. उपाय पैशाचा नाही. बसायच्या आणि खायच्या जागी बारदाना अंथरा, कडा विटेनं दाबा म्हणजे सरकणार नाही. दिवसातून चार-पाच वेळा पंधरा-वीस मिनिटं मोकळं मातीवर सोडा. नांगरलेलं ढेकळांचं वावर नको, सपाट खळं किंवा गवताचा धुरा (बांध) चांगला. नखं वाढली असतील तर कापा. लांब नख जमिनीला टेकलं की बोटं वर उचलली जातात आणि पंजा चपटा होतो. खाण्याचं भांडं जमिनीवर नको, छातीच्या उंचीच्या थोडं खाली ठेवा.

गाडीमागं धावडवणं, जिना, उंचावरून उड्या बंद. नॉर्वेतल्या मोठ्या जातींच्या पिल्लांवरच्या 2012च्या अभ्यासात तीन महिन्यांच्या आत रोज जिना चढलेल्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आढळला, आणि मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळं खेळलेल्यांत कमी. आपल्याकडे वावरात बांधून ठेवायची पद्धत आहे, तीही बदला. आखूड साखळीवर पिल्लू सारखं मागच्या पायांवर उभं राहून ओढत असतं.

बरबटी
कारवान-मुधोळ पाळणाऱ्यांसाठी एक वेगळं. या कुत्र्यांचं मनगट मुळातच थोडं लवचीक आणि तिरकं असतं, धावताना धक्का खायला. जर्मन शेफर्डचा फोटो शेजारी ठेवून दोष काढू नये. आणि बरगड्या दिसतात म्हणून तूप-पोळी चारू नये. या जातीची पिल्लं सडपातळच वाढतात.

जाडीचं बाकी सगळ्यांना लागू. हात फिरवल्यावर बरगड्या सहज मोजता आल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर पिल्लांवर झालेल्या अभ्यासात एकाच वेतातल्या जोड्या केल्या आणि दोघांतल्या एकाला आयुष्यभर पाव हिस्सा कमी खायला दिलं. 2002 साली निष्कर्ष छापून आले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य 13 वर्षं, पोटभर खाणाऱ्यांचं 11.2. खुब्याची झीजही कमी आणि उशिरा. आपल्याकडे गुबगुबीत पिल्लू म्हणजे मालकाची इज्जत समजतात, ते सोडायला हवं.

पूर्णाकाठ
सोयाबीन घरचं पडून हाय. उकडून देलं तर चालते का? आन् ढेप? घरात दोन पोते हाय.

पशुवैद्यक
सोयाबीन कच्चं नको. त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, मऊ शिजवून मूठभर चालेल, पण ते मांसा-अंड्याची जागा घेत नाही. सरकीची ढेप मात्र अजिबात नाही. त्यातलं गॉसिपॉल कुत्र्याला विषारी आहे, हृदयावर जातं. गाईच्या गव्हाणीत तोंड घालणारं पिल्लू असेल तर तिकडंही लक्ष ठेवा.

कापूसकोंड्या
सगळे खाण्याकडं बघताहेत म्हणून चार गोष्टी नोंदवून ठेवतो, ज्या खाण्यानं बऱ्या होत नाहीत.
एकच पाय वाकत असेल तर ताबडतोब एक्स-रे. पुढच्या पायात अल्ना आणि रेडियस अशी दोन हाडं शेजारी असतात. मनगटाजवळ अल्ना हाडाची वाढीची चकती शंकूसारखी असते. पिल्लू पडलं की ती चिरडते आणि त्या हाडाची जवळजवळ 85 टक्के लांबी तिथूनच वाढत असते. अल्ना थांबली आणि शेजारचं रेडियस वाढत राहिलं की पाय धनुष्यासारखा वाकतो, पंजा बाहेर वळतो. लवकर शस्त्रक्रिया झाली तर पाय वाचतो, दोन महिने कॅल्शियम पाजण्यात गेले तर नाही.
मनगटाच्या वर दोन्हीकडं गरम, दुखरी सूज, ताप, उठायला तयार नाही, वय तीन-चार महिने : तो हाडाच्या टोकाचा दाह आहे, त्याच दिवशी दवाखाना.
पाच महिन्यांनंतर आज हा पाय, पुढच्या आठवड्यात तो पाय असं लंगडणं शेफर्डमध्ये नेहमीचं. तेही दुखतं, पण वयाबरोबर जातं.
गोचीड भरपूर असतील, ताप असेल, हिरड्या पांढुरक्या असतील तर लंगडण्याचं कारण गोचीड तापही असू शकतो, रक्त तपासा. आणि लस न दिलेलं पिल्लू अचानक लुळं पडलं, लाळ गळते, आवाज बदलला, तर तोंडात हात घालून बघू नका. पिसाळणं आधी मनात धरा.

मोहफूल
एक्स-रे तालुक्याला होत नाही. कुठं जावं?

तुराटी
विदर्भात पश्चिमेकडच्यांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था, पूर्वेकडच्यांना नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. जाताना सकाळी उपाशी न्या, बाजूनं फोटो काढायला कधी भूल द्यावी लागते. दोन्ही पायांचे एक्स-रे मागा, एका पायाचा काढला तर तुलनेला काही राहत नाही.

जागल्या
सोळा दिवसांनी लिहितो आहे. दवाखान्यात दाखवलं, डॉक्टरांनी दोन्ही मनगटं तपासून ढिलेपणाच सांगितला, डीसीपी आणि टरफलाचा हिशोब मान्य केला. बाटली परत केली. पोळ्या बंद करून दोन उकडलेली अंडी सुरू केली, कलेजी कमी केली. घरात बारदाने, सकाळ-संध्याकाळ खळ्यावर. जंताचं औषध दिलं. वजन 13.4 किलो. मातीवर उभं केल्यावर पंजा बराच आवळलेला दिसतो, उजवं कोपर अजून थोडं बाहेर. आता प्रश्न असा की वजन वाढलं म्हणून सगळंच त्या प्रमाणात वाढवायचं का?

पशुवैद्यक
छान सुधारतंय. जंताचं औषध आता सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.
सगळं प्रमाणात वाढवायचं नाही. वय वाढतं तशी किलोमागची भूक उतरते. आता 13 किलोला 1,200-1,300 कॅलरी लागतात. सहा महिन्यांच्या सुमारास 18-20 किलोचं झालं तरी 1,300-1,500 मध्येच भागतं. म्हणजे वजन दीडपट, खाणं फार तर पावपटच जास्त. लोक इथंच भाकर दुप्पट करतात.
पोळी गेली, अंडी आली, म्हणजे प्रथिनं वाढली. डीसीपी 7 ग्रॅमच ठेवा, टरफल 3 ग्रॅमच. दर रविवारी उपाशीपोटी वजन घ्या. स्वतः काट्यावर उभं राहून, मग पिल्लू उचलून, वजाबाकी. आठवड्याला किलो-सव्वा किलोहून जास्त वाढलं तर भाकर कमी करा, अंडी नाही. उजव्या कोपराचा दर आठवड्याला त्याच जागी, त्याच उंचीवरून फोटो काढा. चार आठवड्यांत ते आत आलं नाही किंवा दोन पायांत फरक वाढला, तर अकोल्याला एक्स-रे.

जागल्या
पोतं तोलायचा काटा आहे, त्यावर पिल्लू थांबत नाही, वजाबाकीच करतो. फोटो रविवारी टाकतो.